जुनाच क्लच मास्टर रंगवून 'नवा' म्हणून बसवला, तर?

डिचोलीच्या एका वाचकाने लिहिलं आहे: "माझी पिकअप आहे, मीच चालवतो. बेळगावहून भाजी आणून डिचोली-साखळीच्या दुकानांना देतो. जूनमध्ये क्लचचं पेडल मऊ लागायला लागलं म्हणून म्हापशाच्या एका गॅरेजात दाखवलं. 'क्लच मास्टर गेलाय, नवा घालतो, सहा महिन्यांची गॅरंटी,' असं मालक म्हणाला. ४,८०० रुपये ठरले. ३,३०० दिले, १,५०० बाकी. चिठ्ठीवर एवढंच लिहिलंय: 'क्लच मास्टर काम ४,८००'. चवथीच्या दोन दिवस आधी चोर्ला घाटात पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गाडी टो करून साखळीला आणली. तिथल्या मेकॅनिकने मास्टर उघडून दाखवला. बॉडी जुनीच, वरून रंग मारलेला, आत ओरखडे. नवं होतं ते फक्त रबर किट. त्याने बिल देऊन नवा मास्टर घातला. माझी भाजी नासली ती वेगळीच. म्हापशाचा मालक आता म्हणतो, 'दुसऱ्याकडे उघडलास, गॅरंटी संपली. ऑइल तू चुकीचं घातलंस. आणि आधीचे १,५०० दिल्याशिवाय गाडी इथे आली तर सोडणार नाही.' एवढ्या रकमेसाठी कोर्टात जावं का?"

भाऊ, कोर्टाचं नंतर बघू. तो काढलेला मास्टर, म्हणजे पेडलचा दाब तेलातून क्लचकडे पोहोचवणारा सिलिंडर, साखळीच्या मेकॅनिककडे अजून असेल तर आजच जाऊन ताब्यात घ्या. तो भंगारात गेला तर तुमचा अर्धा दावा त्याच्याबरोबर गेला. तो डिझेलने धुऊ नका, घासू नका. बॉडी, पिस्टन, स्प्रिंग, रबरं असतील तशी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, वर तारीख घाला आणि मेकॅनिकची सही घ्या. त्याआधी उजेडात फोटो काढा: बाहेरचा रंग, सिलिंडरच्या आतले ओरखडे आणि प्रत्येक रबर जवळून.

एवढा आग्रह का, ते सांगतो. जुन्या बॉडीत किट बदलणं हा काही गुन्हा नव्हे. आतली भिंत गुळगुळीत असेल तर नव्या रबरांवर तोच मास्टर चांगला चालतो. पुष्कळ प्रामाणिक गॅरेजवाले तसं सांगून करतात आणि पैसेही त्याच मानाने कमी घेतात. पण भिंतीला गंज किंवा ओरखडे असतील तर नवं रबर त्यावर घासून कापलं जातं, दाब रबराच्या कडेने मागे सरकतो आणि बाहेर तेलाचा थेंबही न दिसता पेडल खाली बसतं. म्हणून तुमची तक्रार दोन पायांवर उभी राहते. नवा सांगून जुना दिला, हा पहिला पाय. 'मी नवा म्हटलंच नव्हतं' असं मालक म्हणाला आणि ग्राहक आयोगाला ते पटलं, तरी दुसरा पाय शाबूत राहतो: ओरखडे असलेल्या बॉडीत किट घालणं हे कामच सदोष. तक्रारीत दोन्ही मुद्दे वेगवेगळे मांडा.

पहिल्या मुद्द्याला कायद्यात थेट आधार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. दुरुस्त केलेली, वापरलेली किंवा जुनी वस्तू नवी म्हणून खपवणं त्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. बिल न देणंही त्यातच येतं. तुमची चिठ्ठी मोघम असली तरी फेकू नका. ती कामाची तारीख आणि रक्कम सिद्ध करते. शिवाय ४,८०० ही रक्कम नव्या मास्टरच्या किमतीशी जुळते की नुसत्या किटच्या, हे साखळीच्या बिलाशेजारी ठेवलं की आपोआप दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपवर 'नवा' असा उल्लेख कुठे असेल तर तो मेसेज जपून ठेवा, फोन बदलू नका.

गाडी धंद्याची म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, हा आक्षेप येणारच. त्याला घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने 'व्यापारी हेतू'त धरली जात नाही. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच, असं उदाहरण देऊन सांगितलं आहे. मात्र २०१९ च्या कायद्यात ही सवलत 'वस्तू'बद्दल लिहिली आहे, सेवेबद्दल नाही, म्हणून 'नवा सिलिंडर विकत घेतला' हे तक्रारीत आधी लिहा, 'काम करून घेतलं' हे नंतर. पगारी ड्रायव्हर नाही, दुसरी गाडी नाही, हे प्रतिज्ञापत्रात घाला.

आता मालकाची तीन वाक्यं घेऊ.

दुसऱ्याकडे उघडल्याने गॅरंटी संपली, अशी अट त्याने कुठे लिहून दिली होती का? तुमच्या पत्रावरून तर नाही. उलट भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे नुकसान वाढू नये म्हणून हाताशी असलेला उपाय करणं तुमच्याकडूनच अपेक्षित होतं. घाटात बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजात नेणं हाच तो उपाय.

ऑइलचा मुद्दा मात्र गांभीर्याने घ्या. क्लच मास्टरमध्ये बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल लागतं. त्यात इंजिन ऑइल किंवा दुसरं खनिज तेल पडलं तर रबरं फुगून मऊ होतात. तुमची रबरं फुगलेली नसतील, फक्त कडेला कापलेली असतील, तर मालकाचं म्हणणं तिथेच पडतं. म्हणूनच रबरांचा फोटो जवळून काढा म्हटलं. साखळीच्या मेकॅनिकने जे पाहिलं त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. आयोगाला तपासणी हवी असेल तर कलम ३८ खाली तो भाग सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागेल. आणि काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकची ऑइलची टाकी एकच असते. तुमची तशी असेल आणि ऑइलबद्दल जराही शंका असेल, तर पुन्हा घाट चढण्याआधी ब्रेक तपासून घ्या. दाव्यापेक्षा हे महत्त्वाचं.

गाडी अडवून ठेवण्याची धमकी पोकळ आहे. करार कायद्याच्या कलम १७० ने कारागिराला आपल्या मजुरीसाठी ती वस्तू ताब्यात ठेवता येते, पण ती त्याच्या हातात आहे तोवरच. जूनमध्ये त्याने गाडी सोडली तेव्हा तो हक्क संपला. जुन्या थकबाकीसाठी पुढच्या खेपेला गाडी अडवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ मध्ये बँका, वकील अशा मोजक्यांनाच आहे; गॅरेजवाले त्यात नाहीत, तसा वेगळा करार असल्याशिवाय. तरीही गाडी तिथे नेऊ नकाच.

भाजीच्या नुकसानीबद्दल स्पष्टच बोलतो. ते पूर्ण मिळेलच असं नाही. 'बेळगावची भाजी आणतो, घाटात जातो' हे काम देताना मालकाला माहीत होतं, असं दाखवता आलं तर मागणीला जोर येतो. बेळगावच्या खरेदीच्या पावत्या आणि दुकानदारांचे फोन-मेसेज जोडा. टोचं आणि नव्या मास्टरचं बिल मात्र ठामपणे मागा.

रक्कम लहान म्हणून मागे हटू नका. तुम्ही उत्तर गोव्यात राहता, तेव्हा पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देता येते. ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. कामाच्या त्रुटीपासून दोन वर्षांची मुदत आहे. नोटीस मिळाल्यावर मालकाला उत्तराला ३० दिवस, वाढवून ४५. त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. निकालाला मात्र कायद्यात अपेक्षिलेल्या महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, ती तयारी ठेवा. पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार करण्याच्या फंदात आत्ता पडू नका. सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो आणि तुमची ताकद त्यातच खर्ची पडेल.

त्याआधी स्पीड पोस्टने साधी नोटीस पाठवा. तारीख, 'नवा मास्टर' हे आश्वासन, घाटातला बिघाड, उघडल्यावर काय दिसलं, आणि मागणी: दिलेले ३,३०० परत, १,५०० ची बाकी रद्द, टोचा आणि नव्या मास्टरचा खर्च, भाजीचं नुकसान, पंधरा दिवसांची मुदत. शिवीगाळ नको, धमकी नको. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. पुष्कळदा एवढ्यावरच समोरचा माणूस बोलायला तयार होतो. तो तडजोडीला आला तर 'सर्व हिशोब पूर्ण' असं लिहिलेल्या कागदावर सही पैसे खात्यात जमा झाल्यावरच करा, आणि ती पिशवी तोपर्यंत त्याच्या हातात देऊ नका.