एकच पासवर्ड, मग सगळंच धोक्यात?

प्रश्न : अंबडच्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला आहे. आमच्याकडे आता ईमेल, पगार, रजेचा अर्ज आणि स्टोअरचं सॉफ्टवेअर असं सगळं एकाच लॉगिनने उघडतं. पगाराचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे. त्यांना माझा पासवर्ड कळतो का? आणि तो एक फुटला तर सगळंच गेलं ना?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : त्यांना कळत नाही. पगाराची साइट तुम्हाला पासवर्ड विचारतच नाही, ती ब्राउझरला तुमच्या कंपनीच्या लॉगिन सर्व्हरकडे पिटाळते. पासवर्ड तिथे जुळला की सर्व्हर एक छोटा मजकूर बनवतो : ही व्यक्ती कोण, कोणत्या सॉफ्टवेअरसाठी आली आहे, हे किती वाजेपर्यंत ग्राह्य. त्यावर आपल्या गुप्त किल्लीने डिजिटल सही करतो आणि ब्राउझरच्याच हाती पगाराच्या साइटकडे पाठवतो. सही तपासायची जाहीर किल्ली पगारवाल्यांकडे आधीच दिलेली असते. रविवार कारंजावरचा दुकानदार पाचशेची नोट उजेडात धरून बघतो, नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसला फोन लावत बसत नाही, तसंच हे. फक्त हा मजकूर बहुधा काही मिनिटांतच बाद होतो आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे चालत नाही. तुमचे आयटीवाले ‘सॅमल’ म्हणतात ते हेच, त्याची २.० आवृत्ती २००५ची. नवी सॉफ्टवेअरं बरीचशी २०१४च्या ‘ओपनआयडी कनेक्ट’वर चालतात, पण मूळ कल्पना तीच.

आता दुसरी भीती. ती खरी आहे. पासवर्ड फुटला तर सगळी दारं एकदम उघडतात. म्हणून मोबाइलवरची दुसरी खातरजमा हवीच. ती नसेल तर हे काम अर्धवट झालंय, असं मी तुमच्या आयटीवाल्यांना तोंडावर सांगेन. (सर्व्हरची सहीची किल्लीच चोरीला गेली तर मात्र पासवर्ड लागतही नाही. सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीमार्फत झालेल्या, २०२०मध्ये उघड झालेल्या सायबर हल्ल्यात हल्लेखोरांनी काही ठिकाणी असे बनावट सहीचे मजकूर वापरले होते. ती काळजी आयटीवाल्यांची, तुमची नव्हे.) पण आधीचे चार पासवर्ड तरी कुठे वेगळे असतात? नाव तेच, शेवटचा आकडा बदललेला, आणि सगळे टेबलाच्या खणातल्या वहीत! शिवाय माणूस नोकरी सोडून गेला की आता एकाच ठिकाणी खातं बंद करता येतं. पूर्वी स्टोअरचं लॉगिन बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहायचं नाही.

माझ्या मते तुमचा खरा धोका स्टोअरमधल्या सामायिक कॉम्प्युटरवर आहे. रजेच्या अर्जातून लॉगआउट केलंत, तरी लॉगिन सर्व्हरने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळख बऱ्याचदा तशीच जिवंत राहते. पुढच्या शिफ्टच्या माणसाने ईमेलवर क्लिक केलं की तुमची मेल उघडते, पासवर्ड न विचारता. तिथे प्रायव्हेट विंडोतच काम करा आणि उठताना तिच्या सगळ्या खिडक्या बंद करा. लॉगिन पानाचा नेमका पत्ता आयटीकडून घेऊन ठेवा. पासवर्ड टाकण्याआधी वरच्या पट्टीत तोच दिसतोय ना, ते बघा. दुसरा कुठलाही दिसला तर टाइप करू नका, आयटीला फोन करा.