सेकंडहँड गाडी घेऊन तीनच आठवडे झाले आणि इंजिनात बिघाड निघाला. डीलर जबाबदार धरता येतो का?

हडपसरच्या डीलरकडून ४ लाख २० हजारांना पेट्रोल हॅचबॅक घेतली, ६१० किलोमीटरमध्ये चेक इंजिनचा दिवा लागला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय आणि डीलर 'आहे त्या स्थितीत' या ओळीखालची तुमची सही दाखवतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्या सहीला घाबरू नका. ब्रेक पॅड, क्लच, टायर यांची झीज तुमच्या माथी येईल, हे खरं. पण माहीत असलेला बिघाड झाकून गाडी विकली, तर करार कायदा १८७२ च्या कलम १७ नुसार ती फसवणूक आहे आणि सही घेतली म्हणून ती माफ होत नाही. डीलरला आधीपासून माहीत होतं, एवढंच तुम्हाला दाखवायचंय.

म्हणून गाडी आत्ताच थांबवा. कूलंट कमी असताना चालवली तर इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा भाग) वाकतं, आणि मग डीलर म्हणेल, तुम्हीच इंजिन घालवलंत. टो करून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. काही खोलण्याआधी, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसण्याआधी स्कॅनची प्रिंट घ्या. बऱ्याच गाड्यांत 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' असा आकडा मिळतो. तो ६२५ असेल, तर डिलिव्हरीच्या १५ किलोमीटर आधी कुणीतरी दिवा विझवलाय. बॅटरी काढल्यानेही हा आकडा शून्य होऊ शकतो, डीलर नेमकं हेच सांगेल. तेव्हा बॅटरीवरच्या तारखेचा फोटो काढा; बॅटरी जुनीच असेल तर 'नवी बसवताना काढली' हे टिकणार नाही. कूलंटच्या टाकीत तपकिरी गाळ दिसला तर गळती दाबायला सीलर ओतलंय की नुसता गंज आहे, हे मेकॅनिककडून शिक्क्यानिशी लिहून घ्या. जुनी सर्व्हिस हिस्टरीही तिथेच मागा; गाडी पूर्वी तापल्याची नोंद सापडली तर उत्तमच.

पावतीवर विकणारा म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघा. फॉर्म २९-सी भरून गाडी डीलरच्या ताब्यात गेल्याचं आरटीओला कळवलेलं असेल, तर 'मी फक्त मध्यस्थ' हे त्याला जड जाईल.

मग स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस: दुरुस्तीचा खर्च द्या, नाहीतर गाडी परत घ्या. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲप, पैसे दिल्याचा पुरावा जोडा. दाद मिळाली नाही तर ई-जागृती पोर्टलवरून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून बघायलाही हरकत नाही.

मधल्या काळात डीलर पाच-दहा हजार पुढे करून 'तक्रार मिटली' असं लिहून मागेल. दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट हातात येईपर्यंत त्या कागदावर सही करू नका.