वाचकांचे प्रश्न : सुट्टीचा दिवस उपनगरातच

प्रश्न : आम्ही कल्याणला राहतो. मुले आठ आणि अकरा वर्षांची आहेत. संग्रहालय पाहायचे म्हटले की प्रत्येक वेळी दक्षिण मुंबई गाठावी लागते आणि प्रवासातच मुले थकून जातात. उपनगरांत मुलांना इतिहास दाखवता येईल असे काही आहे का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : आहे, आणि त्याचा तुमच्या गावाशी थेट संबंध आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असतात, पण ती बहुधा डबे खाण्याची जागा म्हणूनच लक्षात राहतात. काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेली शंभरहून अधिक लेणी येथे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास येथे खोदकाम सुरू झाले आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे येथे भिक्खूंचा वावर राहिला. या लेण्यांसाठी व्यापारी आणि गृहस्थ दाने देत. त्यांचे ब्राह्मी लिपीतील लेख भिंतींवर आहेत आणि त्यांत कल्याण, सोपारा, चौल या गावांतील दात्यांचे उल्लेख येतात. आपण रोज ज्या स्टेशनावरून लोकल पकडतो, त्या गावच्या कोणीतरी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात दान दिले, हे अकरा वर्षांच्या मुलाला सांगून पाहा. इतिहासाचा तास न घेताही त्याचे कान टवकारतील.

सगळी लेणी पाहण्याचा हट्ट मात्र धरू नये. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे भिक्खूंचे प्रार्थनागृह, लोणावळ्याजवळच्या कार्ला लेण्यांतील चैत्यगृहाच्या धर्तीवरचे आहे आणि त्याच्या व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. तेथे मुलांना निवांत वेळ द्यावा. त्यानंतर डोंगर चढताना पाण्याची व्यवस्था शोधायला सांगावी, कारण माझ्या मते कान्हेरीतील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. खडकाच्या उतारावर बोटभर रुंदीच्या पन्हाळी कोरलेल्या दिसतात. पावसाचे पाणी त्यांतून वाहत जाऊन लेण्यांच्या अंगणालगत खोदलेल्या टाक्यांत साठावे, अशी ती योजना आहे. एक पन्हाळ पकडून ती कोणत्या टाकीपाशी पोहोचते ते मुलांनीच शोधावे. पावसाळा सरता सरता, टाक्या भरलेल्या असताना गेल्यास हे सारे विशेष स्पष्ट दिसते. मात्र टाक्यांना कठडे असतीलच असे नाही, म्हणून लहान मुलाचा हात सोडू नये.

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेकडून उद्यानाचे प्रवेशद्वार चालत जाण्याजोगे आहे, परंतु तेथून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत असल्याने उद्यानाच्या बसने जावे. उद्यानाचे आणि लेण्यांचे तिकीट वेगवेगळे असते. सोमवारी उद्यान बंद असते.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि नातू चार वर्षांचा आहे. दोघांनाही सोबत नेता येईल अशी जागा सुचवावी. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : शीव-वांद्रे जोडरस्त्यालगत, मिठी नदीच्या काठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान. एकेकाळी येथे मुंबईचा कचरा टाकला जाई. त्याच जमिनीवर झाडे लावून सुमारे ३७ एकरांचे रान उभे करण्यात आले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. बहुतेक पायवाटा सपाट आणि सावलीच्या असल्याने सासूबाई बसत-उठत सावकाश फिरू शकतील आणि नातवाला फुलपाखरांमागे धावता येईल. शक्यतो सकाळी जावे.

प्रश्न : ठाण्याच्या खाडीतील फ्लेमिंगो मुलांना जवळून दाखवायचे आहेत. कोठे आणि केव्हा जावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाच्या बोटी खाडीत जातात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. साधारण नोव्हेंबर ते मे हा पक्ष्यांचा काळ असतो. बोटीची वेळ घड्याळावर नव्हे तर भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे त्या दिवसाची वेळ विचारून, आधी नोंदणी करूनच घरातून निघावे. हे न केल्यामुळे पुष्कळ कुटुंबे परत फिरतात. थव्यात करड्या रंगाचे पक्षी दिसले की मुले हमखास प्रश्न विचारतात. ती वयात न आलेली पिल्ले असतात. शेवाळ आणि बारीक जलचर खाऊन त्यांतील रंगद्रव्यामुळे त्यांच्या पिसांना पुढे गुलाबी रंग चढतो.

बोट मिळाली नाही तरी हिरमुसून परतू नये. केंद्रातील प्रदर्शन पाहावे आणि तिवरांजवळच्या वाटेवर थोडे थांबावे. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली शेकडो टोके म्हणजे तिवरांची श्वसनमुळे. खाडीच्या चिखलात प्राणवायू फार थोडा असतो, म्हणून ही मुळे वर येऊन हवा घेतात. ओहोटीच्या वेळी त्यांच्यामधून खेकडे आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे सहज दिसतात. दुर्बीण असेल तर जरूर न्यावी आणि मुलांना चिखलाने माखले तरी चालतील असे कपडे घालावेत.