अमेरिकेतली सुरुवातीची व्यापारी टोकनं (व्यापाऱ्यांनी नाण्यांसारखे काढलेले धातूचे तुकडे) आणि ट्रायल स्ट्राइक (नेहमीचं काम सुरू होण्यापूर्वी साचा तपासायला पाडलेले नमुने) जमवायचे आहेत. अस्सल कसं ओळखायचं?

ट्रायल स्ट्राइकपासून सुरुवात करू नका. आधी नेहमीचं टोकन हाताळा, कारण ट्रायल खरा की खोटा हे त्याच्याशीच ताडून ठरतं.

पहिलं टोकन टॅलबट, ॲलम अँड ली यांचं घ्या. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरची ही पेढी भारताशी व्यापार करायची. १७९४ आणि १७९५ ही सालं असलेली तिची तांब्याची टोकनं इंग्लंडात बर्मिंगहॅमला पाडली गेली. विकत घेताना कडेचे फोटो सगळ्या बाजूंनी मागा. १७९४ च्या नेहमीच्या टोकनाच्या कडेवर ‘पेएबल ॲट द स्टोअर ऑफ’, १७९५ च्या कडेवर ‘वुई प्रॉमिस टू पे द बेअरर वन सेंट’ अशी अक्षरं असतात. ओतीव नकलेत ती बोथट दिसतात, किंवा दोन अर्ध्या भागांच्या जोडाची रेघ कानशीने घासलेली असते. कोऱ्या कडेची दुर्मीळ टोकनंही आहेत, म्हणून कोरी कड दिसली की लगेच खोटं ठरवू नका. अक्षरं घासून काढली असतील तर वजन आणि व्यास दोन्ही घटतात. १७९४ च्या ज्या टोकनावर ‘न्यूयॉर्क’ नाही, ते फार महाग. तिथे १० पट भिंगाखाली बघा: अक्षरं खरवडली असतील तर तेवढाच भाग खोलगट किंवा ओरखडलेला दिसतो.

मग घनता मोजा. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, टोकन बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. कोरडं वजन १०.८० आणि पाण्यातला आकडा १.२१ आला, तर भागाकार ८.९, म्हणजे तांबं. शिसं ११.३ च्या आसपास, कथील ७.३. बुडबुडा चिकटला तर घनता कमी येते, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. नंतर टिपून कोरडं करा, चोळू नका.

ट्रायलमध्ये खरी कसोटी साच्याची, म्हणजे धातूवर छाप उमटवणाऱ्या ठशाची. साचा वापरताना तडकतो आणि ती तड टोकनावर उंच रेषेसारखी उमटते. नेहमीच्या टोकनांवर तड वाढत गेलेली असेल आणि तुमच्या ‘ट्रायल’वर तीच तड पूर्ण वाढलेली दिसली, तर तो तुकडा काम सुरू होण्यापूर्वीचा नाहीच. संग्राहकांना विकण्यासाठी वेगळ्या धातूत मागाहून पाडलेलं ते टोकन आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळातल्या दुकानदारांच्या टोकनांत असे पुष्कळ सापडतात, काही तर चांदीच्या डाइमवरच (दहा सेंटच्या नाण्यावर) पाडलेले. ते खोटे नव्हेत, पण त्यांना ट्रायलचा भाव देऊ नका.

साठवताना पीव्हीसी या प्लास्टिकची पाकिटं टाळा. तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. आलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढा.

टॅलबटची पुष्कळ टोकनं फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने विकत घेऊन, कापून, त्यांवर अर्धा सेंट पाडला. १७९५ आणि १७९७ च्या काही अर्ध्या सेंटांवर खालची अक्षरं किंवा जहाजाचे दोर अजून दिसतात. टोकनासोबत असा एक तुकडा जरूर शोधा.