उसाच्या रसातलं इन्व्हर्टेज मोजताना

भावा, इन्व्हर्टेज म्हणजे सुक्रोज (साखर) फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करणारं एन्झाइम. ते मोजताना पीएच, तापमान, सुक्रोज सगळं एकदम बदलू नकोस. एका वेळी एकच.

पण त्याआधी वेळ बघ. ० ते २० मिनिटं, दर ५ मिनिटांनी नमुना काढ. वेळेनुसार किती ग्लुकोज-फ्रुक्टोज तयार झालं, त्याचा आलेख सरळ रेषेत चढला पाहिजे. लगेच आडवा झाला तर एन्झाइम जास्त झालंय. पातळ कर, १० पट, ५० पट. नवखे नेमके इथंच फसतात आणि दोष पीएचला देतात. मीही महिनाभर दिलाय.

बाकी तीन गोष्टी:
- रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज आधीच असतं आणि डीएनएस (अशा साखरांसोबत रंग देणारं रसायन) तेही मोजतं. म्हणून शून्य मिनिटाचा ब्लँक (वजा करायची तुलनेची नळी) हवाच: आधी डीएनएस, मग एन्झाइम. रीडिंग ५४० नॅनोमीटरला.
- एन्झाइम बर्फात, सब्स्ट्रेट (म्हणजे सुक्रोज) वॉटर बाथमध्ये आधीच गरम. 'रूम टेंपरेचर' लिहू नकोस. कोल्हापुरातला मे आणि डिसेंबर एक नव्हे.
- प्रत्येक नळी तीनदा.

सुरुवात अ‍ॅसिटेट बफर, पीएच ५ च्या आसपास. केएम, व्हीमॅक्स (एन्झाइमच्या वेगाचे आकडे) नंतर बघू. पहिला आलेख वाकडाच येतो, घाबरू नकोस. सरळ आला की दाखव, मिसळ माझ्याकडून.