वाचकांचे प्रश्न: तिसऱ्या गिअरला इंजिन पळतं, गाडी नाही

प्रश्न: माझ्याकडे १९८५ सालचा शेव्हरले पिकअप आहे. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, चार गिअरचा ७००आर४ ऑटोमॅटिक. चार महिन्यांपूर्वी जुना कार्बोरेटर काढून दुसऱ्या बनावटीचा बसवून घेतला. तेव्हापासून गिअर फार लवकर आणि अगदी अलगद पडायला लागले. मला वाटलं, बरंच झालं, गाडी मऊ चालतेय. आता मात्र दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन एकदम भुंकतं, आरपीएमचा काटा वर जातो, पण वेग वाढत नाही. चढावर तर पिकअपला पिकअपच नाही. पहिला, दुसरा आणि रिव्हर्स ठणठणीत आहेत. एक मिस्त्री म्हणतो, गिअरबॉक्स खोलावा लागेल. दुसरा म्हणतो, तेल बदला आणि बाटलीतलं औषध ओता. कोणाचं ऐकू?

उत्तर: पहिल्याचं ऐका, पण त्याला बॉक्सला हात लावू देण्याआधी कार्बोरेटरपाशी नेऊन उभा करा. तुमचा आजार तिथे सुरू झालाय. ‘गिअर अलगद पडायला लागले’ हे वाक्य वाचलं आणि मी कपाळाला हात लावला.

कार्बोरेटरच्या लिव्हरवरून एक तार खाली गिअरबॉक्समध्ये जाते. तिला टीव्ही केबल म्हणतात. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. बरेच जण तिला किकडाउनची (पाय जोरात दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) तार समजतात आणि ‘नसली तरी चालेल’ म्हणून सैल सोडून देतात. १९८२ साली आलेल्या या बॉक्समध्ये ती तार दोन कामं करते. गिअर कधी पडायचा हे ठरवते आणि आतल्या तेलाचा दाब किती ठेवायचा हेही तीच ठरवते. तुम्ही पाय किती दाबलाय हे बॉक्सला कळायचा तोच एक मार्ग. तार सैल असली की बॉक्सला वाटतं, साहेब रमतगमत चाललेत, मग तो दाब कमी ठेवतो. वरून व्ही-८ इंजिन ओढतंय आणि क्लच प्लेटांवरची पकड ढिली. रस्सीखेचीत दोरी सैल धरली की तळवे सोलून निघतात, तसं प्लेटांचं अस्तर जळतं. मऊ गिअर सुखाचे वाटतात खरे, पण तो मऊपणा म्हणजेच घसरणं.

आता, तिसराच का? पुढच्या चारही गिअरना फॉरवर्ड क्लच लागतो. तो गेला असता तर पहिल्यातही गाडी निघाली नसती. दुसऱ्याला त्याच्या जोडीला एक पट्टा आवळला जातो. तुमचा दुसरा चांगला आहे, म्हणजे पट्टा शाबूत. तिसऱ्याला आणि चौथ्याला लागतो तो ३-४ क्लच. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गेले असते तर मी आतलं सन शेल (या तिन्ही गिअरना लागणारा पिंपासारखा भाग) तुटलंय म्हटलं असतं. तुमच्याकडे नेमका ३-४ क्लच उरतो, आणि दाब कमी पडला की या बॉक्समध्ये सगळ्यात आधी तोच जळतो. एक खात्री करून घ्या: इंजिन भुंकतं त्याच क्षणी डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, दिवा लागेल इतकाच. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद तेलातून बॉक्सकडे पोचवणारा भाग, आणि लॉकअप म्हणजे त्याची थेट पकड; ब्रेकच्या स्पर्शाने ती सुटते. तरीही काटा तसाच वर राहिला तर दोष लॉकअपचा नाही, क्लचचाच.

मग तेल. गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू, गिअरचा लिव्हर पार्कमध्ये, आणि मग डिपस्टिक. (हे तुमच्या बॉक्सचं. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये मोजताना लिव्हर न्यूट्रलला हवा, कारण पार्कमध्ये त्याचा पंप कन्व्हर्टर भरत नाही.) डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेकवा. लाल डाग पसरला तर उत्तम. तपकिरी ठिपका मध्येच बसून राहिला, कडेला काळे कण राहिले आणि करपलेला वास आला तर निदान निम्मं झालं.

चेंबर, म्हणजे बॉक्सच्या तळाचं तेलाचं ताट, उतरवायचा तर सगळा एकदम सोडू नका. एका कोपऱ्याकडून ढिला करा, नाहीतर तेलाने अंघोळ होते. तळाला चुंबक असतो. त्यावरचा राखाडी लेप दोन बोटांत चोळून बघा. बुळबुळीत, कणिदार न लागणारा लेप चाळीस वर्षांच्या बॉक्समध्ये असणारच, त्याने घाबरू नका. पितळी चकाकी दिसली तर बुशिंग किंवा थ्रस्ट वॉशर झिजलाय. आणि तळाशी काळा गाळ, चिमटीत दाबला की विस्कटणारा, तो तुमच्या क्लचचं अस्तर आहे. ते परत प्लेटेवर चिकटवणारं औषध कोणत्याही बाटलीत मिळत नाही. ती बाटली कडक झालेले रबरी सील थोडे मऊ करते, एवढंच. बॉक्स सकाळी थंड असताना घसरत असेल आणि तापला की सुधारत असेल तर सीलवर शंका घ्यावी. तापल्यावर बिघडत असेल तर झीज. तुमचं पत्र याबद्दल काही सांगत नाही, पण चढाचा उल्लेख बघता मी झीजच धरतो.

खोलण्याआधी शेवटचं काम म्हणजे दाब मोजणं. केसच्या डाव्या बाजूला, गिअरच्या दांडीजवळ एक बूच असतं. तिथे ३०० पीएसआयचं गेज लावा, इंजिन मंद चालवा आणि टीव्ही केबल हाताने पूर्ण ओढा. निरोगी बॉक्समध्ये काटा दुपटीने किंवा त्याहून वर चढतो. हाताने ओढल्यावर चढतो, पण कार्बोरेटरचा लिव्हर फिरवल्यावर चढत नाही, असं झालं तर चूक तारेच्या जोडणीत आहे आणि बॉक्सचा पंप बिचारा निर्दोष आहे.

तार लावणं सोपं आहे. इंजिन बंद. केबलच्या अॅडजस्टरवरचं बटण दाबा, सरकता भाग कार्बोरेटरपासून दूर, पार मागे ढकला, बटण सोडा. आता कार्बोरेटरचा लिव्हर हाताने पूर्ण उघडा. पायाने नको, पेडल पूर्ण दाबूनही लिव्हर पूर्ण उघडेलच याची खात्री नसते. टक-टक करत अॅडजस्टर स्वतःच जागेवर येतो. पण तुमच्या बाबतीत एवढ्याने भागेल असं वाटत नाही. नव्या कार्बोरेटरच्या लिव्हरवर तार अडकवायची खुंटी मूळच्यापेक्षा वेगळ्या अंतरावर असेल तर पूर्ण बंद आणि पूर्ण उघडं ही दोन्ही टोकं जुळली तरी मधलं सगळं चुकतं: अर्ध्या पायाला बॉक्सला पाव पाय कळतो. त्या कार्बोरेटरसाठी ७००आर४ ची खास खुंटी आणि ब्रॅकेट मिळते, ती बसवा. तोवर गाडी उभी ठेवा. तार सुटलेली असताना हा बॉक्स काही मैलांत जाळता येतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. शिकाऊ असताना असाच एक बॉक्स मी मन लावून बांधला होता. नव्या प्लेटा तेलात भिजवल्या, सीलना व्हॅसलीन लावलं (साधं ग्रीस नाही, ते तेलात विरघळत नाही आणि बारीक भोकं बुजवतं), प्रत्येक क्लचला हवा मारून तपासलं. तिसऱ्या आठवड्यात तोच बॉक्स माझ्या बाकावर परत, तोच क्लच काळा. तार मी पाहिलीच नव्हती.

तेव्हा बॉक्स बांधायला द्याल तेव्हा मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. कन्व्हर्टर बदलणार का? रेडिएटरमधला, बॉक्सचं तेल थंड करणारा कूलर आणि त्याच्या नळ्या धुणार का? जळका गाळ तिथेच दडून बसतो. आणि कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसलाय हे कसं ओळखणार? ढकलत फिरवताना तो टप्प्याटप्प्याने आत जातो, हाताला धक्के कळतात. अर्धवट बसवून बोल्ट आवळले की पंप फुटतो. ‘बोल्टने ओढून घेऊ’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा.

प्रश्न: माझ्या जुन्या फोर्डला सी६ ऑटोमॅटिक आहे. दर पंधरवड्याला तेल कमी होतं, जमिनीवर थेंब नाही. गिअर उशिरा आणि धाडकन पडतात, तेल उतरलं की घसरतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. इंजिनचं काम काढू का?

उत्तर: अजिबात नको. बॉक्सच्या मागच्या बाजूला व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची डबी आहे. इंजिनकडून येणारी तिची रबरी नळी ओढून काढा. नळीच्या आत गिअरबॉक्सचं लाल तेल दिसलं तर डबीतला पडदा फाटलाय आणि तुमचं इंजिन ते तेल पिऊन धूर सोडतंय. डबी बदला. काढताना मागे एक बारीक दांडी असते, ती घरंगळू देऊ नका. हाताशी असताना बॉक्सच्या पट्ट्याचा ताणही जुळवून घ्या: स्क्रू १० फूट-पाउंडला आवळायचा, दीड फेरा मागे घ्यायचा, नवा लॉकनट.

प्रश्न: डिपस्टिकवर तेल गुलाबी, दुधासारखं. चालवू का?

उत्तर: नाही. रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी बॉक्समध्ये गेलंय. पाण्याने प्लेटांवरच्या अस्तराचा गोंद सुटतो. इंजिन चालू न करता गाडी ओढून न्या.