‘उंदरांच्या जनुकांवर काम करून पोट भरतं का?’

प्रश्न : मुलगी नाशिकला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात मेरी लायन या शास्त्रज्ञांचं उंदरांवरचं काम ऐकल्यापासून ‘जीनोममध्येच (सजीवाच्या सगळ्या जनुकीय माहितीत) संशोधन करणार’ असा धोशा लावलाय. आमची निफाडकडे द्राक्षबाग. कुठलं वर्ष कसं जाईल, भरवसा नाही. तिचे मामा म्हणतात, डिग्री झाली की इथल्याच अंबडच्या फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांच्या गुणवत्ता तपासणीला, लावून द्या. उंदरांच्या जनुकांवर काम करून पोट भरतं का?
– एक पालक

उत्तर : नमस्कार. भरतं, पण उशिरा भरतं.

आधी तिला कशाचं वेड लागलंय ते बघू. ठिपकेदार उंदरांवरून लायनबाईंनी १९६१ मध्ये मांडलं, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र गप्प केलेलं असतं. तुमच्या वस्तीवर तिरंगी मांजर असेल तर बघा, ती बहुतेक मादीच निघेल. भगवा की काळा हे ठरवणारं जनुक एक्सवर असतं, आणि अंगावर कुठे कोणतं एक्स गप्प झालं त्यावर तिथला रंग ठरतो. जनुकं सगळ्या पेशींत तीच. कुठलं कुठे चालू, कुठे बंद, हाच ‘जीन एक्स्प्रेशन’चा अभ्यास. प्रथिनं बनवणारी जनुकं माणसात वीसेक हजार, उंदरातही साधारण तेवढीच आणि बरीचशी मिळतीजुळती. म्हणून उंदरांवरचं काम कॅन्सरच्या संशोधनातही लागतं.

आता एक गोष्ट तिला कुणी सांगितली नसेल. या कामाचा मोठा भाग हल्ली कॉम्प्युटरवर होतो. मायक्रोबायोलॉजीची मुलं अडतात ती संख्याशास्त्र आणि कोडिंगपाशी. तेव्हा या सुट्टीत तिला ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची कोडिंगची भाषा शिकू द्या, फुकट आहे. ‘जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस’ या ऑनलाइन संग्रहात जगभरच्या प्रयोगांचा डेटा खुला असतो. त्यातला उंदराचा एखादा छोटा संच घेऊन यकृतात आणि मेंदूत कुठली जनुकं वेगळी चालतात ते तिने शोधावं. साधा लॅपटॉप पुरतो. महिनाभरात जीव मेटाकुटीला आला तर मामांचा सल्ला वाईट नाही. रात्री जेवायला हाका माराव्या लागल्या, तर माझं उत्तर वेगळं आहे. लाखभर फी घेणारे ‘जीनोमिक्स डिप्लोमा’ मात्र टाळाच.

पुढचा रस्ता असा : तिसऱ्या वर्षी जॅम आणि गॅट-बी या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा, मग दोन वर्षं एमएस्सी, नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा, मग पाच-सहा वर्षं पीएचडी. हैदराबादची सीसीएमबी, पुण्याचं आयसर, पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी अशा सरकारी संशोधन संस्थांत हे काम चालतं. जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, वर नियमाप्रमाणे घरभाडं. म्हणजे घरून पैसे मागावे लागत नाहीत, पण बागेचं कर्जही फिटत नाही. कायम नोकरी मिळेपर्यंत तिशी उलटते. (लग्नाचा विषय तुम्ही काढला नाहीत, मामा काढतीलच.) मध्येच थांबावं लागलं, तर एमएस्सीनंतर बायोइन्फर्मेटिक्सच्या, म्हणजे असा जैविक डेटा कॉम्प्युटरवर तपासण्याच्या, नोकऱ्या आहेत, पण नाशकात कमी, पुणे, हैदराबाद, बेंगळुरूची तयारी हवी.

क्यूसीत दोन-तीन वर्षं काढून मग बघू, असं मात्र नको. पगाराची सवय झाल्यावर प्रवेश परीक्षेला परत बसणारी मुलं मी फार थोडी पाहिली आहेत.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, नेमके तुमच्या छाटणीच्या गडबडीत. तेव्हा ती तारीख लक्षात ठेवायचं काम तिच्याकडेच द्या.